तापलेल्या जमिनीवरून ताईस

ती. ताईस,

धाकट्या पिल-ग्यूचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (टेकवलं आणि लगेच उचललं. जमीन तापली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? तुमच्या बुसानला म्हणे बर्फसुद्धा धड पडत नाही. नशीबवान आहात. इथे जेचॉनला सकाळी झाडलेला जिना दुपारी पुन्हा पांढरा.

आई ठणठणीत आहे. थंडीला माझ्याकडे आली ती यंदाचं मेजू घेऊनच. उकडलेल्या सोयाबीनच्या त्या विटा तिने हॉलमधल्या सगळ्यात उबदार जागी गोधडीखाली झोपवल्या आहेत आणि आम्ही माणसं भिंतीकडेने चालतो. (वासाबद्दल लिहीत नाही, तुझंही बालपण त्यातच गेलंय.) विटा आंबायला ऊब हवी, म्हणून आई भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिसावर नेते. तुझ्या भावजयीचं, सुक-जाचं, त्या वासाने डोकं उठतं, म्हणून ती बाविसावर आणते. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत. बोलतात ते बटणाशी.

आता माझी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. एवढंसं बटण ते काय! मी भिंतीवर एक मेलेला थर्मोस्टॅट बसवला आणि खरा उचलून मागच्या बाल्कनीत, बॉयलरशेजारी लपवला. बाविसावर ठेवून. बसा म्हटलं फिरवत. पण ताई, तो खरा लेकाचा जिथे टांगाल तिथली हवा चाखतो, हे मला कुठे ठाऊक? बाल्कनीत मुळ्याचं लोणचं गोठतं. त्याला वाटलं, अख्खं घर गोठलंय. बॉयलर जो पेटला तो विझेचना, जमिनीखालच्या नळ्यांतून कढत पाणी नुसतं धावत राहिलं. आई खूश, तिचं तीस लागू पडलं. सुक-जा संतापली, तिचं बावीस कोणी जुमानत नाही. मांजर तर फ्रिजवर राहायला गेलं.

मग बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकू लागला. दाब वाढला की त्याने पाणी सोडायचंच असतं, असं दुरुस्तीवाला नंतर म्हणाला. (आणखीही बरंच म्हणाला, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) मला वाटलं गळतंय. मी नळीत बूच ठोकलं. घट्ट बसलं, अभिमान वाटला.

घर वाचलं ते केवळ बूच आईच्या तिळाच्या तेलाच्या बाटलीचं होतं म्हणून. शोधत शोधत ती बाल्कनीत आली, म्हणाली, "चोरा, हे इथे होय!" आणि उपटलं. उकळत्या पाण्याची चिळकांडी तिच्या कानाजवळून गेली आणि माझ्या वाळत घातलेल्या लग्नाच्या विजारीला लागली. विजार गेली. मी मात्र बराच वेळ आईचा कान धरून बसलो होतो, ती हात झटकत होती तरी.

आता खरा थर्मोस्टॅट जागेवर आहे आणि मला शिक्षा म्हणून हॉलमध्ये, विटांच्या पलीकडे, झोपवलं आहे.

तुझा,
पिल-ग्यू

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की आईला थंडीभर तुझ्याकडे घेऊन जा. तिच्या जिवासाठीच म्हणतोय. विटाही ने. तिला काही कळवू नकोस, मी गोडीत सांगेन.

ता. क. २. ओक-बुन, मी आई. हा शहाणा पत्र टपालात टाकायला माझ्याच हाती देऊन गेला. मी कुठेही येत नाहीये. भिंतीवर आम्ही त्याच्या नकळत पुन्हा मेलेलाच टांगलाय. खरा सुक-जाने आणि मी तिच्या खोलीत नेलाय, सव्वीस दोघींना चालतं. पिल-ग्यू बसलाय आपला ऐटीत बटण फिरवत, फिरवू दे. फक्त पलीकडच्या कोपऱ्यात ऊब पोचत नाही आणि त्याचे पाय लहानपणापासून गार पडतात. म्हणून तो घोरायला लागला की अंथरुणासकट ओढून गरम जागेवर घेते. विटा सरकवल्या आहेत थोड्या. यंदा मेजू जरा कच्चं राहील, नावं ठेवू नकोस.