तांडेलाचा हात

दि. ६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डावा पाय गुडघ्याखाली काढला. मी ताडमाड वाढलो तरी तू मला ठेंगूच म्हणत राहिलीस; आता तुझं म्हणणं निम्मं खरं झालं. हस, रडू नकोस. रडण्याचं काम इथे मी करतोय. पोरींना सोडून धावत येऊ नकोस.

काल वकील आले होते. त्यांचा एकच प्रश्न, बार्जवरून नव्या धक्क्यावर उतरताना कोणता पाय कुठे होता? उजवा धक्क्यावर, डावा अजून बार्जवर. तेवढ्यात बार्ज सरकली आणि परत येऊन आदळली. दोन दगडांवर पाय ठेवल्याचं फळ बघ, दोघेही हात झटकताहेत. धक्का बांधणारी कंपनी म्हणते अपघात बार्जवर झाला, बार्जचा मालक म्हणतो धक्क्यावर. वकील म्हणाले, बार्जचा दोर सैल होता असं सांगा, मालकाला भरपाई द्यावीच लागेल. पण तिच्या खलाशांचे म्होरके, तांडेल, आपले भावोजी! दोर त्यांनी बांधलेला, आणि तांडेलाने हात वर केल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही हा नियमही त्यांचाच. त्यांनी हात वर केला, मगच मी पाय टाकला. त्यांच्यावर ठपका येईल असं माझ्या तोंडून काही निघणार नाही, हे त्यांना सांग.

पाय एक उरला तरी लोभ पूर्वीएवढाच असू दे.

तुझा,
ठेंगू

दि. १५ जानेवारी

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद.

ह्यांच्यासमोर ताट ठेवते, ते तसंच परत उचलते. परवा मात्र बोलले. दोर ताठ होता; धक्क्यावरचा लोखंडी खुंटाच उपटून आला. त्याच्या बुडाचं काँक्रीट अजून ओलं आहे, हे ह्यांनी सकाळीच कंपनीच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, काम थांबणार नाही, तिथेच बांधा. हे सगळं कोर्टात सांगायचं म्हणतात. पण कंपनीचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला. जाताना हसत म्हणाला, तोंड उघडलंत तर या किनाऱ्यावर तुम्हाला कुणी साधी होडीसुद्धा देणार नाही.

माझं इकडे आड, तिकडे विहीर झालंय. तू माझ्या कडेवर वाढलास. पण घरात दोन पोरी आहेत आणि कमावणारा एकच. ह्यांना मीच गप्प बसवलंय. तूही काही आठवत नाही म्हणून सांग. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

रागावलास तरी पत्र पाठवत जा.

तुझी,
ताई

दि. २ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठवत नाही म्हणून सांगितलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. मी रागावलो नाही गं. भाचींच्या तोंडचा घास काढून मला कुठे चालायला जायचंय?

जखम चिघळली आहे. उद्या गुडघ्याच्या वर कापणार. भीती वाटते, ताई. नसलेलं पाऊल अजून ठणकतं, आणि दाबायला जावं तर हाताला नुसती चादर लागते. भावोजींना म्हणावं, जेवा.

आठवण काढत राहा.

तुझा,
ठेंगू

दि. २० नोव्हेंबर

चि. ठेंगूस आशीर्वाद.

घरातली पत्रं तुझी ताई लिहिते. हे मी लिहितोय, कारण तिचा धीर होत नाही.

तिला न सांगता मी कोर्टात उभा राहिलो आणि ओल्या काँक्रीटचं, साहेबांच्या हुकमाचं सगळं सांगून टाकलं. परवा निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, कोणता पाय कुठे होता याने काही फरक पडत नाही. माणूस जिथे दोर बांधतो आणि पाय ठेवतो ती जागा पक्की असणं ही कंपनीची जबाबदारी होती. भरपाई कंपनी देईल. पाय कोण देणार?

त्या माणसाने चहा पिऊन दिलेला शब्दही खरा केला. मी आता दोरखंडाच्या दुकानात बसतो. तुझी ताई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. निकाल ऐकला, तेव्हा सुताराला बोलावलं आणि तुझ्यासाठी दाराचा उंबरा काढून टाकला. मग त्या मोकळ्या जागेत बसून खूप रडली.

रविवारी तू येशील. आम्ही दोघं फलाटावर असूच. पण एक सांगून ठेवतो. ये म्हणून तुला जो हात केला, तो त्या दिवसापासून वरच जात नाही. डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही. म्हणून ताईला पुढे उभी करतो. तिने हात वर केला, की मगच पाय टाक.

लोभ मागायला तोंड नाही. असला तर राहू दे.

तुझे,
भावोजी