लेकीचं नर्सिंग कॉलेज बघून आल्यावर

मॅडम,

माझ्या लेकीला नर्सिंगला जायचंय. तुम्ही असता तर चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे, आणि विचारलं असतं की पाय सुजतात ते हिला सांगितलंस का. सांगितलं. नाइट ड्युट्या, नातेवाइकांच्या शिव्या, ऐन दिवाळीत घराला कुलूप, सगळं सांगून झालं. पोरगी ढिम्म हलत नाही. सीईटीला मार्क बरे पडलेत आणि पुढचंही तिचं पक्कं आहे: चार वर्षांची डिग्री, थोडा अनुभव आणि मग जर्मनी. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. परवा पोळ्या लाटताना म्हणाली, "आई, कॉलेज तू बघून ये. तू नाही म्हणालीस तर मी इथंच साधं बीएस्सी करेन, नर्सिंगचं नाव काढणार नाही." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मी एक शब्द वाकडा बोलले की पोरगी कायमची नाशिकातच राहणार, आणि मला तर तेच हवं होतं. म्हणून मी गेले ती खोट काढायलाच गेले.

द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकून पडली, तेवढ्या वेळात काय काय खोचून विचारायचं ते मी मनात घोकून घेतलं. गंगापूर रोडला पुढे ते कॉलेज, शेजारीच त्यांचं हॉस्पिटल. प्राचार्य बाई माझ्याहून लहान, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी मला पुढच्या सगळ्या वाटा सांगितल्या: सरकारी भरती, खेड्यातल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी, एमएस्सी करून शिकवणं, नाहीतर परदेश. मी म्हटलं, भरती निघेल तेव्हा निघेल, आणि खासगीत एकेका पोरीच्या अंगावर किती पेशंट टाकतात ते मला विचारा. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ताई, खरं आहे, सुरुवातीला पिळूनच काढतात, पण डिग्री असली की पोरगी तिथं अडकून पडत नाही. आमच्या नर्सिंग डिप्लोमाच्या वेळी इतकं खरं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, शिकवायला असून तुम्हीसुद्धा नाही. मग प्रात्यक्षिकाची खोली. मला वाटलं, आता सापडले. अशा खोल्यांतला शिकवायचा बाहुला पुष्कळदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, तपासणी आली की तेवढ्यापुरता बाहेर निघतो. इथं बघते तर त्याचा इंजेक्शनचा रबरी दंड टोचून टोचून चाळणी झालेला. पोरी रोज हात बसवत होत्या त्याच्यावर. इतका राग आला मला त्या दंडाचा.

शेवटी मी तुमचाच उपाय काढला. वॉर्ड बघायचा तर ड्युटी बदलताना, एक सिस्टर दुसरीला पेशंटची सगळी माहिती सांगून ओव्हर देते तेव्हा बघायचा, असं तुम्ही म्हणायचात. मी कशी विसरेन ते? अजून डोळ्यांसमोर आहे. मी पहिल्या वर्षाला आहे. सकाळ झालीय, रात्रीचा ओव्हर मी देतेय: नऊ नंबर बेड, ताप उतरला, सलाइन संपलं. तुम्ही हात वर करता आणि शांतपणे विचारता, "ताप कोणाला, बेडला?" सगळ्या पोरी खाली बघतात. मी परत त्या बाईजवळ जाते, तिचं नाव विचारते, गाव विचारते, घरी कोण कोण आहे ते विचारते, आणि अख्ख्या वॉर्डासमोर पहिल्यापासून सांगते. त्यानंतर आठवडाभर मी तुमच्याशी नजर मिळवली नव्हती.

तर दुपारची ड्युटी बदलताना मी बायकांच्या वॉर्डात शिरले आणि सवयीनं एका आजींच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभी राहिले. युनिफॉर्ममधली एक काटकुळी मुलगी आली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ मलाच ओव्हर द्यायला लागली. तिला वाटलं, मी पुढच्या ड्युटीची मोठी सिस्टर. आजींचं नाव, गाव, ऑपरेशन कधी झालं, ड्रेसिंग कधी बदललं, सून संध्याकाळी यायचीय, ती आल्याशिवाय आजी जेवत नाहीत, सगळं. मी तिला थांबवायला हवं होतं की नाही? ते राहिलं बाजूला, माझ्याच तोंडून गेलं, "लघवी किती झाली?" तिनं न अडखळता सांगितलं, वर म्हणाली, कालच्यापेक्षा कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय. मग माझ्या खांद्यावरची पर्स तिला दिसली आणि तिनं जीभ चावली. आजींना मात्र भारी मजा वाटली.

सुरगाण्याकडची होती ती, शेवटच्या वर्षाला. जर्मन भाषेचा क्लास लावलाय म्हणाली. घरी आई एकटीच, भात आणि नागलीची शेती बघते. मी विचारलं, आईला विचारलंस का परदेशाचं? ती आजींची चादर खोचत राहिली. "नाय विचारलं," ती म्हणाली. "विचारलं तर ती जा म्हणंल. तेव्हाचं तिचं तोंड मला नाय बघवायचं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले.

घरी आले तर लेक दारातच उभी. मी म्हटलं, कॉलेज चांगलं आहे, पर्याय भरताना पहिलं तेच टाक. तिनं मला घट्ट मिठी मारली, आणि मग हळूच विचारलं, "आणि जर्मनी?" मी म्हटलं, "जा." एवढं बोलून कुकर लावायला आत वळले. ओट्याशी खूप वेळ पाठमोरी उभी होते मी, तांदूळ किती वेळा धुतले कोणास ठाऊक.

आता ती मावशीकडे गेलीय चार दिवस, सगळ्यांना सांगत सुटली असेल. काल माझी ड्युटी संपत आली तेव्हा पुढच्या पाळीच्या सिस्टरचा फोन आला, मुलाचा वाढदिवस आहे, यायला थोडा उशीर होईल. मी म्हटलं, येऊच नकोस, तुझी ड्युटी मी करते. संध्याकाळी वॉर्डात फिरता फिरता तुम्ही आठवलात. सणावाराला, स्वतःची सुट्टी असताना, इस्त्रीची साडी नेसून तुम्ही वॉर्डात यायचात, एकेका पेशंटजवळ बसायचात, घरचं विचारायचात. आम्ही पोरी एकमेकींना खुणावायचो: आली चुका पकडायला. तुम्ही क्वार्टरमध्ये एकट्या राहता हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा या येण्याशी काही संबंध असेल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकायचं? ठेवून देईन कपाटात. त्या सिस्टरनं मला दोनदोनदा विचारलं होतं, तुम्हाला घरी कामं नाहीत का हो? मी म्हटलं, कसली कामं, एकटीचं असं काय असतं. खोटं बोलले. कपड्यांचा ढीग पडलाय, फ्रीज पुसायचाय, गहू दळून आणायचेत. मला कुलूप उघडायचं नव्हतं.