वकिलाच्या पिसवा आणि शनिवारचे येणे

प्रिय धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कुत्र्याने माझ्या घरात पिसवा आणल्या आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी प्रकृती बरी असेल. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? माझ्या घोट्यांचे विचारू नकोस. (एवढे लिहिताना दोनदा उठून खाजवून आले. बसल्या जागी खाजवणे मला पसंत नाही.)

महिनाभर सांभाळ म्हणून तू वकिलाला सोडून गेलास. (नाव मात्र शोभते; भुंकणे कमी, हरकती जास्त.) तिसऱ्याच दिवशी तो शेपटीचे बूड चावू लागला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मानेवर औषधाचे थेंब सोडले. घरी येऊन बघते तर मान तेलकट, आणि हा निघाला सोफ्याला घासायला. मी लगेच कुत्रा साबणाने दोनदा घासून काढला. तीन आठवड्यांत पिसवा दुप्पट, वर त्याच्या सतरंजीवर तांदळाच्या कण्यांसारखे काहीतरी वळवळणारे. डॉक्टर म्हणाले, "ताई, औषध धुतलंत तुम्ही. दोन दिवस आंघोळ नाही म्हणून बजावलं होतं." मी म्हटले, "बजावलं असेल. मी तेव्हा तुमच्या टेबलावरची धूळ बघत होते."

त्या कण्या म्हणजे पट्टकृमीचे तुकडे. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्या पोटातला जंत ह्याच्या पोटात बिऱ्हाड थाटतो. गोळी दिली, थेंब पुन्हा टाकले. पण पिसवांची अंडी कुत्र्यावर थोडी, घरात फार. म्हणून सतरंज्या उकळते, सोफ्याच्या फटी रोज झाडते. वकील मागेमागे फिरतो आणि राहिलेली फट नाकाने दाखवतो. एवढ्या आस्थेने माझे काम ह्या घरात कुणी तपासले नव्हते. असो. शनिवारी येऊन त्याला घेऊन जा.

ता. क. शनिवारी येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात, कोषातली पिसू महिनोन्महिने दबा धरून बसते, थेंब एकही महिना चुकता कामा नयेत. तू स्वतःच्या गोळ्या विसरतोस. औषधाचा क्रम पुरा होईपर्यंत तो इथेच राहू दे. क्रम कधी पुरा होतो ते मी डॉक्टरांना विचारलेले नाही, तूही विचारू नकोस.

आणखी ता. क. तुझ्या गल्लीतल्या शिंप्याच्या हाती आज दिले: उकळून वाळवलेली सतरंजी एक, साखळी एक, पाण्याचे जुने भांडे एक (त्याला मी नवे आणले आहे). कुत्रा दिलेला नाही. पोच कळव.