बाजाराच्या दिवशीचं एकच सांगणं

माय, तू गेलीस त्याला दहा वर्षं होत आली. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेवढं तू पाहिलंस, त्यानंतरचं काहीच तुला ठाऊक नाही. माझी बदली अशा जागी झाली आहे, की तुला लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

आधी तुझं स्वयंपाकघर आठवतं. शाळेच्या वसतिगृहात तू चाळीस पोरींच्या भाकरी थापत असायचीस आणि सुटीला आलेला मी चुलीपाशी बसून तुला पवित्र शास्त्र, आपलं बायबल, वाचून दाखवायचो. तुला अक्षरं जोडत जोडतच वाचता यायचं. राजांच्या लढाया आल्या की म्हणायचीस, पुढचं वाच. तुझा जीव संदेष्ट्यांवर. एक गुरं राखणारा होता, एक सारखा रडायचा, एक तर देवानं पाठवलं त्याच्या उलट दिशेला पळाला होता. घरातल्या माणसांसारखी तू त्यांची काळजी करायचीस. मला मात्र कंटाळा यायचा. इतक्या पिढ्या हे सगळे एकच सांगून राहिले, मागं फिरा अन् देवाचं ऐका, असं मी एकदा म्हणालो. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "वाट चुकलेल्याला दर येळी नवी वाट सांगावी का?"

त्याच हिवाळ्यात दादाच्या जीपचं ते झालं. दादा तेव्हा आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर सवारी भरायचा. पहाटेच्या धुक्यात रिकामी जीप जात होती आणि सायकलवरच्या एका माणसाला धडक बसली. तांड्यावरचा माणूस, दूध घालायला निघालेला. जीप तिथून निघून गेली. संध्याकाळी दादा तुझ्यापाशी आला आणि सगळं सांगून लेकरासारखा रडला. तोवर कानावर आलं होतं की माणूस वाचला, पण पाय गुडघ्यापासून कापावा लागला. गाडी कोणाची, ते कोणालाच कळलं नव्हतं. पिठाचे हात तसेच धरून तू ऐकत होतीस. आता त्याच्या पाठीवरून हात फिरवशील, असं मला वाटलं. तू म्हणालीस, "रडणं म्हणजे पश्चात्ताप न्हाई, बाबा. ऊठ. त्याच्या दारात जाऊन सांग, मी व्हतो म्हणून. मग ठाण्यात जाऊ. मी येते संगं."

दादा उठला तो थेट बाळापूरला गेला आणि तिथंच खोली करून राहिला.

मग तुझं जाणं सुरू झालं. दर बाजाराच्या दिवशी तू एसटीनं बाळापूरला जायचीस, मी असलो की मीही सोबत. पुढं दादाचं लग्न झालं, लेकरू झालं, जीप विकून त्यानं किराणा दुकान टाकलं. वहिनी आत या म्हणायची, चहा ठेवायची. तू उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाहीस. "मागं फिर, लेकरा. अजून येळ हाये." एवढं बोलून वळायचीस. सहा वर्षं त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही. शेवटी शेवटी तू दिसलीस की तो गिऱ्हाईक टाकून निघून जायचा, आणि तू ते रिकाम्या दुकानाला सांगून यायचीस.

एकदा मी चिडून विचारलं, मग तूच का तांड्यावर जाऊन सांगत नाहीस? परतीच्या एसटीत तू सांगितलंस की दोनदा गेली होतीस, तांड्याच्या विहिरीपर्यंत, आणि दोन्ही वेळा तिथूनच परतलीस. "म्या सांगितलं तर तो धरल्या जाईल, मागं फिरणार न्हाई. अन् खरं सांगू का, मायचं पाऊलच पडत न्हाई." त्या दिवशी तू मला पहिल्यांदा म्हातारी दिसलीस.

शेवटच्या आजारात दादा आला. त्याचा हात धरून तू पुन्हा तेच म्हणालीस. त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आता कोणी सांगणार न्हाई." मला वाटतं, त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. पण त्यानंतर त्याचं हसणं मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली त्याच तांड्याच्या शाळेत झाली. तो माणूस रोज सकाळी फाटकासमोरच्या ओट्यावर कुबडी टेकवून बसलेला असतो. त्याची नात माझ्या वर्गात आहे. मला राम राम करतो. एक दिवस आपणहून बोलायला लागला. पायाबद्दल काही म्हणाला नाही. म्हणाला, "मास्तर, गाडी थांबली व्हती. दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, उतरून राहिले. मग गेली. काहून गेली असंल?"

मी म्हणालो, काय माहीत.

गाडी थांबली होती, माय. दादानं ब्रेक मारला, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. मी शेजारी बसलो होतो. डीएडची परीक्षा तोंडावर आली होती. पोलीस, साक्ष, कोर्ट, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि मीच म्हणालो, चल. दादानं माझं नाव तुझ्यापुढं कधीच काढलं नाही. सहा वर्षं तुझी पिशवी धरून मी त्याच्या दारात उभा राहिलो. तू मागं फिर म्हणायचीस, तेव्हा तो तुझ्याकडं नाही, माझ्याकडं पाहायचा.

कोणाच्या दारात जायचं आणि काय बोलायचं, ते तू बराबर सांगून ठेवलं आहेस. मला पाठ आहे. रोज सकाळी ठरवतो, आज बोलू. हा कागद निदान दादाला दाखवावा, असंही मनात येतं, पण तेही होणार नाही हे मला ठाऊक आहे.

महिनाभरापासून मी शाळेत फाटकातून जात नाही. मागच्या बाजूला काटेरी कुंपण जरा मोडलंय, तिथून वाकून आत शिरतो. पोरं हसतात.