वायरलेसच का घेतला, ते सांगते

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या हत्यारांच्या पेटीत, पान्ह्यांच्या वर ठेवते आहे. म्हणजे आज कुठल्याही बंद पडलेल्या लिफ्टच्या आधी तुझी गाठ माझ्याशी आहे. घरात समोरासमोर बोलता आलं असतं, पण आपलं ठाऊक आहे ना? मी अर्ध्यात असताना तू 'बरं बरं' करतोस, मग मी भडकते, आणि मुद्दा राहतो बाजूला. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. टाइप मी केलंय, कॉम्प्युटरने मला ते वाचून दाखवलंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या तक्रारी त्याच्याकडे कर.

तर, मी जिंकले! रविवारपासून हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की शेजारच्या आजी आता दार उघडतानाच 'हो गं बाई, कळलं' म्हणतात. काल ऑफिसात डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली बडबड टाइप करताना एका पेशंटच्या पित्ताशयाच्या रिपोर्टात 'विजेती' हा शब्द घुसला होता. वेळेवर सापडला म्हणून नोकरी शाबूत आहे. करंडक फ्रिजवर आहे आणि तू तो येता-जाता पुसतोस, हे मला फडक्याच्या आवाजावरून कळतं. पूस खुशाल. पण तू जे पाहिलंस ते प्रेक्षकांतून पाहिलंस. माझ्या कानात काय गोंधळ चालला होता ते तुला माहीत नाही. आणि माझ्यासाठी पणाला लागला होता तो काही करंडक नव्हता. तू पाठीशी नसताना मला जमतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

आधी थोडं मागे जाते. डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या आणि ऐन कॉलेजात माझ्यापुरते दिवे गेले, तेव्हा मी गेमचा कंट्रोलर पलंगाखाली भिरकावला होता. तू तो बाहेर काढलास, स्वतःच्या डोळ्यांवर टॉवेल बांधलास आणि संध्याकाळभर कॉम्प्युटरकडून मार खात बसलास. मी शेजारी बसून तुझे हाल ऐकत होते. मग तू ओरडलास की अगं, तो डावीकडून येतो तेव्हा डाव्या कानात पाय वाजतात! मारामारीचा खेळ नुसत्या कानांनी खेळता येतो हा शोध तुझा आहे, हे मी कुणाही समोर कबूल करेन. प्रत्येक ठोशाचा सूर वेगळा, उडी घेतली की कपडा फडफडतो, वाकला की बूट घासतो. तू एका वायरीला दोन फाटे फोडून दोन हेडफोन जोडलेस आणि माझ्या मागे स्टूल टाकून बसलास. मला एखादी चाल ऐकू आली नाही की माझ्या उजव्या नाहीतर डाव्या खांद्यावर तुझं बोट पडायचं. अशी आपण कित्येकांना धूळ चारली. लोक मला शाबासकी द्यायचे आणि तू मागून बाहेर निघून चहा प्यायला जायचास.

मागच्या वर्षीच्या स्पर्धेत त्याच वायरीने घात केला. पहिली फेरी जिंकल्याच्या आनंदात मी ताडकन उभी राहिले, वायर खुर्चीत अडकलेली, आणि अख्खा कन्सोल टेबलावरून खाली! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पंचांनी आपल्याला घरी पाठवलं आणि परतताना तू वायरीला अशा काही शिव्या दिल्यास की टॅक्सीवाला रस्ता विसरला. तेव्हा ह्या वर्षी मी वायरलेस हेडसेट घ्यायचा म्हटलं, तर तुला ते साहजिक वाटलं. मलाही तू तसंच समजावंस असं वाटत होतं.

दुकानातला तो सेल्समन आठवतोय? माझी पांढरी काठी बघून तो सगळं तुलाच विचारत होता. 'ह्यांना कुठला रंग आवडेल?' मी म्हटलं, ह्यांना गुपचूप बसणारा कुठलाही रंग चालेल, पण आवाजाचं काय ते माझ्याशी बोला. मग त्याने सगळ्यात भारी हेडसेट काढला आणि त्याच्या कडांना रंगीत दिवे कसे फिरतात त्याचं कौतुक सुरू केलं. मी विचारलं, दिवे बंद केले तर बॅटरी जास्त टिकते का? बिचाऱ्याने लगेच दिवे बंद केले. तू हसू दाबताना नाकातून आवाज काढतोस, तोही मला ऐकू आला.

तिथे मी फार वेळ लावला, तू दोनदा 'किती वाजले' म्हणालास, आता कारण ऐक. पहिल्यात बटण दाबल्यावर ठोका किंचित मागून यायचा, 'येतो, येतो' म्हणत. डोळस माणसाला तो उशीर चालतो, कारण त्याला हात उगारलेला दिसतो. मला ठोका ऐकू येईपर्यंत दात पडलेले असतात. दुसरा ब्लूटूथवर नव्हता, कन्सोलला बारकासा रिसीव्हर लावायचा होता, त्यात उशीर औषधालाही नव्हता. पण त्याच्या चामडी गाद्यांनी कानांना घाम फुटला आणि डोकं असं आवळलं गेलं की मी कबुलीजबाब द्यायच्या बेतात आले. तिसऱ्याची बटणं इतकी सपाट की हाताला काही लागेना. चौथा मात्र हलका, गाद्या कापडी, डाव्या कानामागे आवाजाचं खरबरीत चाक, काढता-घालता येणारा माइक. बाहेरचा गोंगाट त्याने दाराबाहेर ठेवला. सेल्समन म्हणाला की ह्यात चहूबाजूंनी आवाज येण्याची खास सोय आहे, ह्याचेच तर पैसे आहेत! मी पहिल्यांदा तीच बंद करायला लावली. त्या सोयीने माणूस एका जागी उभा असला तरी त्याचे पाय खोलीभर वाजतात. मला इकडे की तिकडे, एवढं स्वच्छ हवं होतं. बंद केल्याबरोबर डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे जाऊन बसलं, आणि मी म्हटलं, हाच बांधा.

तेव्हा तू विचारलंस, ह्याला दुसरा हेडफोन कुठे लावायचा, मी कसं ऐकणार? सेल्समन म्हणाला, नाही लागत. मी काठी उघडली आणि दाराकडे चालू लागले. दादा, घरी येईपर्यंत मला फार वाईट वाटत होतं. पण मी निर्णय बदलला नाही.

त्यानंतर तू कामावर असायचास तेव्हा मी दार लावून सराव करायचे. सुरुवातीला दणकून हरले. खांद्यावर बोट पडेल म्हणून शरीर वाट बघायचं आणि तेवढ्यात समोरचा मला लोळवायचा. मग हळूहळू ती वाट बघणं सुटलं. स्पर्धेचा नियम तर तू मला वाचूनच दाखवला होतास, की ह्या वर्षी खेळाडूला बाहेरून कुणी स्पर्शाने, खुणेने किंवा ओरडून मदत केली तर तो खेळाडू बाद. वाचताना तुझा आवाज पडला होता. माझा जीव मात्र भांड्यात पडला, कारण मला तुला 'मागे बसू नकोस' असं तोंडाने सांगावं लागलं नाही.

आता रविवार. अंतिम सामन्यापर्यंत सगळं सुतासारखं सरळ गेलं. समोर मागच्या वर्षीचा विजेता, ज्याची खुर्ची तो हलला की कण्हते. स्टेजवर चढताना पंच म्हणाले, माइक काढून ठेवा, अंतिम फेरीत माइक चालणार नाही. मी हेडसेट उतरवला, माइक उपटून खिशात टाकला, हेडसेट पुन्हा घातला. झालं! इतके दिवस गालाशी माइक लागला की ती डावी बाजू, एवढीच माझी खूण होती. माइक गेला, खूण गेली, आणि मी तो उलटा घातला.

पंच म्हणाले होते की तुम्ही डावीकडच्या खेळाडू आहात. म्हणजे शत्रू उजवीकडून यायला हवा. घंटा झाली आणि पावलं आली डावीकडून. मला वाटलं पंचांची जीभ घसरली, मला उजवीकडे बसवलंय. मी डावीकडे झेपावले. दादा, मी झेपावत कसली होते, मी पाठ फिरवून पळत होते! प्रेक्षकांतून हशा ऐकू आला. पहिला डाव इतक्या लवकर गेला की मला लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही. मनात आलं, दादा असता तर. खांदा आपोआप मागे झुकला, आणि अर्थातच कुणी बोट लावलं नाही.

मग वाटलं, आवाज तरी वाढवू. डावा हात चाकाकडे गेला, तर चाक गायब. उजवीकडे चाचपलं, तिथे होतं. आणि मी एकटीच स्टेजवर खो-खो हसायला लागले. लोकांना वाटलं असेल, हरून पोरीचं डोकं फिरलं! हेडसेट फिरवायला मी हात लावला तोच दुसऱ्या डावाची घंटा झाली. हात कंट्रोलरवरून उचलला तर तो माझा भुगा करणार, हे नक्की होतं. तेव्हा मी ठरवलं, असू दे उलटा. डावीकडून आला की तो उजवीकडे आहे. मागे हटला की आवाज बारीक होतो, तेवढं मात्र खरं. पहिल्या काही ठोशांत मेंदूला पीळ पडला, पण मग काहीतरी जुळलं. त्याने उडी घेतली, कपडा डाव्या कानात फडफडला, आणि मी उजवीकडे वर असा ठोसा हाणला की त्याच्या खुर्चीने किंकाळी फोडली. माझ्या खेळाडूत धुगधुगी तेवढी उरली होती. पण तो आडवा होता आणि मी उभी होते.

तिसऱ्या डावाआधी मी सगळ्यांसमोर शांतपणे हेडसेट काढला, फिरवला, घातला. सभागृहाला काय झालं होतं ते तेव्हा उमगलं आणि जो काही गलका झाला, तो त्या नव्या गाद्यांनाही अडवता आला नाही. तिसऱ्या डावाबद्दल मी काही सांगत नाही. तू पाहिलास. विजेत्याला मी पाणी पाजलं, एवढं पुरे. नंतर तो स्वतः उठून आला, माझा हेडसेट मागून घेतला, डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला की मला ह्यातलं काहीही कळत नाहीये. फार सज्जन माणूस.

आणि तू! तुझ्या शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना तू अजून नुसती मैत्रीण म्हणतोस, मला सगळं सांगितलं. चाक उजवीकडे दिसताच तू उभा राहिलास, तोंड उघडलंस, आणि त्यांना वाटलं आता हा ओरडणार. मग तू बसलास आणि हातातल्या कागदी कपाचे तुकडे तुकडे केलेस. इतकी वर्षं तू मला जे जे सांगितलंस त्या सगळ्यापेक्षा तू तेव्हा जे सांगितलं नाहीस त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. एक शब्द बोलला असतास तर मी बाद होते. तुझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं किती जड गेलं असेल, ते माझ्याइतकं कुणाला कळणार?

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. गॅलरीचं काचेचं दार लावलं की मला ऐकू येत नाही, असं तू कशावरून धरून चाललास? दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्राचं काम कंपनी तुला देतेय, नवीन मेकॅनिक तुझ्या हाताखाली शिकणार आहेत, आणि डॉक्टरीणबाई तिथल्याच हॉस्पिटलात निघाल्या आहेत. आणि तू फोनवर साहेबांना सांगत होतास की घरी बहीण आहे, आई-बाबा नाहीत, तिला एकटीला टाकून जमणार नाही. साहेबांनी तुला ह्या शुक्रवारपर्यंत विचार करायला सांगितलं. तुझा तो फोन ऐकला त्याच आठवड्यात मी हेडसेट बघायला निघाले. वायर खुर्चीत अडकते हे खरंच होतं, पण मला असा हेडसेट हवा होता ज्याला तुझा हेडफोन जोडता येणार नाही. नुसतं 'मला जमेल' म्हटलं असतं तर तू 'बरं बरं' केलं असतंस, आणि खरं सांगायचं तर माझाही माझ्यावर विश्वास बसला नसता. आता बसलाय. भर सभागृहात सगळं उलटं झालं, तुझं बोट नव्हतं, आणि माझी चूक माझी मीच शोधली. तू काही कमी केलंस म्हणून नाही, तू इतकं चांगलं शिकवलंस म्हणून. तेव्हा शुक्रवारची वाट बघू नकोस, आजच साहेबांना हो म्हण, आणि संध्याकाळी येताना डॉक्टरीणबाईंना जेवायला घेऊन ये. जा, दादा. मला तुझी आठवण येईल, फार येईल, पण अडचण येणार नाही.

तुझीच,
भांडकुदळ