सोडलेलं पाणी

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
रविवार, ११ मे २०२५

चि. अल्पेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे हिंडतेफिरते आहोत, तेव्हा ठीकच म्हणायचं. रचनाची पाठ आता कशी आहे? आर्याला सांग, आत्याने ताडगोळे आणलेत, पण तिला पाठवेपर्यंत उरले तर नशीब.

विरार काही सातासमुद्रापार नाही, फोन करायचा की, असं म्हणशील. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून मोकळा होतोस. शिवाय खरं सांगायचं तर गुरुवारपासून मला धड बोलताच येत नाहीये.

आधी उमेळ्याची खबर. मे महिना असून आपल्या बावखलाच्या तळ्यात पाणी आहे. भोवतालच्या विहिरीही त्यामुळे तग धरून आहेत. हेलनबाईंच्या पाणवाट ट्रस्टने आपल्या वाडीतून चर्चमागच्या बावखलापर्यंत झाडांखालून पायवाट नेली, तिच्यावर आता सकाळी जत्रा असते. स्टेशनकडच्या बिल्डिंगांतून माणसं येतात. एक काका शवासन करायला येतात आणि चक्क घोरतात. बाबा असते तर त्यांच्या शेजारीच आडवे झाले असते.

गुरुवारी मी तिथे पानं झाडायला गेले होते. बघते तर मोजणीवाले. फीत ओढतायत, खुंट्या ठोकतायत, दगडांना लाल रंग फासतायत. मला वाटलं, पलीकडच्या इमारतीवाल्याने हद्द सरकवली. माझं तोंड तुला माहीत आहे. मी सुटले. कोणाच्या बापाची जागा मोजताय, म्हणून विचारलं.

तो माणूस भला होता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, मालकांचाच अर्ज आहे. अल्पेश नथू भोईर."

माझ्या हातातला झाडू पडला, असं लिहिलं तर तुला नाटकी वाटेल. पडला नाही. मी तो घट्ट धरून उभी राहिले आणि मूर्खासारखं विचारलं, "कुठला अल्पेश?"

त्यांच्याबरोबर बिल्डरचा माणूस होता. त्याने मोठ्या कौतुकाने मोबाइलवर नकाशा दाखवला. आपल्या बावखलाच्या जागी गाड्यांचं पार्किंग आहे. भराव टाकून पावसाआधी जागा सपाट करायची, म्हणाला.

तेवढ्यात हेलनबाई आल्या. वय झालं तरी ट्रस्टचा सगळा भार अजून त्याच वाहतात, आणि वाडीत कोणी परकं दिसलं की शेजारून लगेच येतात. मी त्यांना सांगितलं, कचेरीतून चुकीचा नंबर गेलाय, दुसरी जागा मोजायची होती. तुझं नाव माझ्या तोंडून निघेना. त्यांनी विश्वास ठेवला, मोजणीवाल्यांसाठी चहा मागवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती अक्षय तृतीया तुलाही आठवत असेल. पायऱ्यांवर अर्धं गाव उभं होतं. बाबांनी बावखलातलं पाणी ओंजळीत घेतलं, आईने त्यांच्या हाताला हात लावला, खाली तुझा हात. सगळ्यांसाठी दिलं, असं म्हणून बाबांनी पाणी सोडलं. हेलनबाईंनी ते दोन्ही हातांत झेललं आणि ओल्या हातानेच क्रूसाची खूण केली. झालं, वाडी सगळ्यांची झाली. कागद काही झाला नाही. पुढे हेलनबाईंनी विषय काढला तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "बाय, पानी सोडलंय. त्याच्यावर कागद ठेवला तर भिजंल." त्यानंतर परत विचारणं म्हणजे बाबांवर अविश्वास दाखवणं, म्हणून बाई गप्प बसल्या. आपण सगळेच गप्प बसलो. आपल्याकडे असं पाणी कोणी परत मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. शुक्रवारी मी आईकडे गेले. वाटलं, तिला यातलं काही माहीत नसेल, जपून सांगू. तर तीच मला विचारते, "पाटी दगडाची का लोखंडाची?"

अल्पेश, बाबांच्या नावाची पाटी लावायची आहे, असं सांगून तू मोजणीच्या कागदावर तिचा अंगठा घेतलास. तिने त्या दिवशी तुझ्यासाठी शिरा केला होता, हेही तिनेच सांगितलं. बिल्डरचं मी समजू शकते, लोभ कुणाला सुटतो? पण आईला पाटी कशी असेल म्हणून वाट बघायला लावलंस, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. दोन दिवस झाले, शिरत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल, हेलनबायकडं." तिथे उंबऱ्यातच उभी राहिली. "मोजनी माझ्या पोरान घातली. तुमी कागद करा. माझा हिस्सा नि पोरीचा."

हेलनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले होते ते त्यांना कळलं. त्या रागावल्या नाहीत, खुर्ची पुढे केली. बुधवारी वकील येणार आहेत, आम्ही दोघी सह्या करणार आहोत. तुझा हिस्सा तुझा. एकट्या तेवढ्यावर बिल्डर काय बांधतो ते त्याला विचार.

का केलंस ते मी विचारत नाही. विचारायची भीती वाटते. उत्तर अगदी साधं असलं तर मी काय करू?

परत येताना आई वाटेत थांबली. श्रावणात बाबांचं वर्षश्राद्ध आहे ना, त्याचं काढलं. म्हणाली, "त्या दिवशी बापाला पानी तू सोड."

मी म्हटलं, "आई, अल्पेश आहे ना."

"हाय. त्याच्या हातचं आता त्यांना पोचायचं नाय."

मी हो म्हटलंय. तू ये, रचना आणि आर्यालाही आण. तुझं पान मांडलेलं असेल, वाढीनही मीच. फक्त पाण्याला हात लावू नकोस.

अजूनही तुझीच,
ताई