साइट बंद असल्याचे पुरावे

२ तारीख, सकाळी ६.५५
वाचनालयाची वेबसाइट उघडून पाहिली. चालू आहे. अकरा वर्षं ही साइट मी सांभाळली आणि मागच्या महिन्यात कमिटीने ती माझ्याकडून काढून दंतवैद्यांच्या सुनेला दिली. का, तर म्हणे मधूनमधून बंद पडते. आभाराचं साधं पत्रसुद्धा नाही! २८ला वार्षिक सभा. तिथे सगळ्यांसमोर या बाईला तोंडघशी पाडून साइट परत मिळवणार. संकल्प: चिडायचं नाही. फक्त नोंद ठेवायची.

६.५७ चालू.
७.०२ चालू. निर्लज्जपणे.

५ तारीख
चार दिवसांत दोनशे चौदा वेळा पाहिली. एकदाही बंद नाही. बोट दुखतंय. बायको म्हणते, एवढ्या वेळात माळा आवरून झाला असता. तिला सूड म्हणजे काय ते कळतच नाही.

६ तारीख
डोकं चालवलं. कॉम्प्युटरला छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. दर दोन सेकंदांनी साइट उघडायची, बंद दिसली की वेळ टिपून ठेवायची. दिवसरात्र. मी आता निवांत झोपू शकतो.

७ तारीख, सकाळी ७
बंद!!! पहाटेपासून बंद! इतका आनंद मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. (हे बायकोला सांगायचं नाही.)

९ तारीख
अजून बंद. माझ्या काळात चार तासांच्या वर कधी बंद राहिली नाही. एकदा आठ दिवस राहिली होती, पण तेव्हा मी गावाला गेलो होतो, त्यामुळे ते धरत नाही.

११ तारीख
मेहुणीने फोनवर सांगितलं की काल तिने साइटवरून दोन पुस्तकं राखून ठेवली. अशक्य. माझ्या विरुद्ध बोलायची तिची जुनीच खोड आहे. तरी खातरजमा केली. बायकोच्या फोनवर पाहिलं: बंद. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हिंगवाल्या मास्तरांना विचारलं: त्यांच्याकडेही बंद. सज्जन माणूस. दोन वर्षं आमचंच वायफाय वापरतात, पण कधी कुरकुर नाही. म्हणजे मला धरून तीन स्वतंत्र साक्षीदार झाले.

१६ तारीख
पुस्तक बदलायच्या निमित्ताने शत्रूची छावणी पाहून आलो. ती म्हणाली, काका, तुम्ही केलेली जुन्या पुस्तकांची यादी फार नीट आहे, मी तिला हात लावला नाही. लोणी लावते आहे. दहा दिवस साइट बंद आणि कपाळावर एक आठी नाही! मीही गोड हसलो. सावध करायचं नाही.

२७ तारीख
साडेआठ लाखांच्या वर नोंदी. सगळ्या छापणं परवडेना, म्हणून फक्त दोनशे पानं. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. भाषण आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. उद्या तिचे दात तिच्याच घशात.

२८ तारीख, दुपारी
सभा झाली.
उभा राहिलो, दोनशे पानं टेबलावर आपटली आणि साइट एकवीस दिवस बंद आहे असं ठणकावून सांगितलं. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला. चालू. पहिल्या रांगेने फोन काढले. चालू. बायकोने शेजारून आपला फोन माझ्यासमोर धरला. चालू.
मग सूनबाई उठल्या. साइट एक मिनिटही बंद नव्हती म्हणाल्या. कुणाच्या तरी घरच्या एकाच कनेक्शनवरून दर दोन सेकंदांनी धडका बसत होत्या, म्हणून सात तारखेला तेवढं एक कनेक्शन त्यांनी अडवलं. अध्यक्ष म्हणाले, कोण आहे हा नालायक? पोलिसांत देऊ. ती म्हणाली, नको, साइटवर कुणाचा तरी फार जीव आहे.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नाव घेतलं नाही याचाच राग जास्त आला. मी असतो तर नाव, पत्ता, मजला, सगळं सांगितलं असतं.
जिन्यात तिने गाठलं. काका, तुमचं कनेक्शन मोकळं केलंय म्हणाली. दिवसातून एकदा साइट पाहा आणि काही चुकलेलं दिसलं तर मला कळवा. सवड मिळाली तर बघेन, असं सांगून टाकलं.

२९ तारीख, सकाळी ७.००
साइट पाहिली. चालू आहे. चूक एकही नाही.

७.०१
आजचं काम संपलं.